मांजरीकरिता अंगठा

रद्दीचा टेम्पो फाटकात उभा होता, साहेब दारात उभे होते आणि मी रेकॉर्ड रूममध्ये तीन जाडजूड रजिस्टरांवर बसले होते. अक्षरशः बसले होते. पदर खोचून, मांडी घालून.

"दळवीबाई, उठा," सबनीस साहेब म्हणाले.

"नाही उठणार, साहेब."

"अहो, ते मांजरीचं रजिस्टर आहे!"

"म्हणूनच नाही उठणार."

साहेबाला तोंडावर नाही म्हणायची नोकरीतली ती माझी पहिलीच वेळ. तीही मांजरीपायी. पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही उमजायचं नाही. तेव्हा पंधरा दिवस मागे जाते.

गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. आमचं ऑफिस निमसरकारी, पनवेलच्या जुन्या बाजाराजवळ एका कौलारू इमारतीत भाड्याने होतं. ऑफिसचं नाव सांगत नाही. पुढे त्याचं दुसऱ्या एका ऑफिसात विलीनीकरण झालं आणि त्या मंडळींना मांजरीचं प्रकरण अजून ठाऊक नसावं. मी तिथे रेकॉर्ड कीपर. म्हणजे ज्या कागदाकडे कोणी बघत नाही, तो नेमका कुठे आहे हे माहीत असलेली बाई.

तर आम्हाला नवी इमारत मिळाली. पंखे, ट्यूबलाइट, लोखंडी कपाटं, सगळं झकास. फक्त रेकॉर्ड रूमची जागा निम्मी. नव्यानेच पुण्याहून बदलून आलेल्या सबनीस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दळवीबाई, निम्मं रेकॉर्ड काढून टाका. पंधरा दिवसांत."

"कुठलं निम्मं, साहेब?"

"नको असलेलं."

हे ‘नको असलेलं’ ठरवणं म्हणजेच आमचा धंदा. ऑफिसातल्या प्रत्येक कागदाला एक वर्ग असतो. अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचा. ब म्हणजे बरीच वर्षं. क म्हणजे थोडी वर्षं. ड म्हणजे एक वर्ष झालं, ऑडिट झालं, की चालू पडा. कुठला कागद कुठल्या वर्गात, याची हेड ऑफिसने छापलेली यादी असते. तिच्याप्रमाणे जुने कागद वेगळे काढायचे, टाकायच्या कागदांची यादी करायची, साहेबांची सही घ्यायची आणि रद्दीत द्यायचे. याला आमच्याकडे निंदणी म्हणतात. शेतातलं तण काढतात, तीच.

मी रुमाल सोडायला बसले. रुमाल म्हणजे फायली बांधायचं लाल कापड. एकेक रुमाल सोडला की आधी धूळ, मग झुरळं आणि शेवटी सरकार बाहेर यायचं. शिंका देऊन देऊन माझं नाक त्या रुमालाच्याच रंगाचं झालं. तेवढ्यात हिराबाई झाडू घेऊन आली.

हिराबाई आमच्याकडे झाडलोट, पाणी भरणं, अशा कामाला होती. रोजंदारीवर. शिरढोणच्या बाजूच्या एका वाडीवरून यायची. घरची जमीन नाही, नवरा वीटभट्टीवर. आधी तिची सासू आमच्याकडे होती. सासू थकली तशी नऊ वर्षांपूर्वी ही लागली, ती आजतागायत. कामाला वाघीण, आणि तोंडालाही.

"बाय, ये काय काडलाव?"

"निंदणी करतेय, हिराबाई. नको ते कागद काढायचे."

"आमी त्याला बेणनी मंतो. भातातला तन काडायचा." ती झाडूवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत राहिली. "पन नीट बगून उपटा हां. तनाचा रोप नि भाताचा रोप, लहानपनी सारकाच दिसतो."

मी म्हटलं, हो हो, माहीत आहे. मला काही माहीत नव्हतं.

पहिल्या तीन दिवसांत मी असा सपाटा लावला की साहेब खूष. जाडसर कागद, मोठ्ठे ताव, भरपूर जागा खाणारे, ते आधी काढले. त्यात रोजंदारी कामगारांचे हजेरीपट होते. हजेरीपट म्हणजे मस्टर. यादीत वर्ग ड. चालू वर्षाचा ठेवला, बाकीचे नियमाप्रमाणे मधोमध फाडले आणि युसुफभाई रद्दीवाल्यांच्या टेम्पोत भरले. सही, शिक्का, टेम्पो रवाना. मनात म्हटलं, दळवीबाई, तुमच्यासारखी तुम्हीच.

पाचव्या दिवशी हेड ऑफिसचं परिपत्रक आलं. जे रोजंदारी कामगार सलग पाच वर्षं, दर वर्षी निदान दोनशे चाळीस दिवस कामावर होते, त्यांना कायम करावं. रोजच्या हजेरीचा लेखी पुरावा जोडावा. मुदत महिनाअखेर.

आमच्या ऑफिसात असा कामगार एकच. हिराबाई. आणि तिच्या आठ वर्षांच्या हजेरीचे दोन-दोन तुकडे करून मी स्वतःच्या हाताने वाटेला लावले होते.

कायम म्हणजे काय, हे कायम असलेल्यांना कळत नाही. आम्ही आजारी पडलो की रजा टाकायचो. हिराबाई आजारी पडली की तो दिवस बुडायचा. कायम झाली असती तर रजा, दवाखाना, म्हातारपणी पेन्शन. मला त्या दिवशी डबा गेला नाही. पण सांगणं भाग होतं. दुपारी ती माठ भरत होती, तिथे जाऊन सगळं सांगितलं.

तिने माठावर झाकणी ठेवली. हात पदराला पुसले. 

"बाय," ती म्हणाली, "तुमी भाताचाच रोप उपटलाव की."

मी तडक युसुफभाईंच्या वखारीत गेले. युसुफभाई भला माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला, मग कपाळाला हात लावला.

"मॅडम, तो माल कधीच गेला. जाड कागद ना? त्याला मागणी फार. अर्धा सुकटवाल्यांनी उचलला, अर्धा फुटाणेवाल्यांनी. खुदा कसम, एक पान ठेवलं नाही."

"मग आता?"

"आता काय, मॅडम. बाजारात फिरा. नशिबात असेल ते मिळेल."

आणि मी फिरले. तुम्ही हसा, पण चार दिवस ऑफिस सुटल्यावर पनवेलच्या बाजारात मी पुड्या बघत फिरत होते. करंजा बंदराहून सुकट घेऊन येणाऱ्या बायका टोपल्या मांडून बसायच्या. माल कसा आहे ते न बघता मी कागद कसा आहे ते बघायची. "या कागदात नको, त्या कागदात बांध," असं म्हटलं की त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. एकीने तर विचारलंच, "बाय, तुमी सुकट खाता का कागुद?"

चार दिवसांत घरी दीड किलो सुकट, अर्धा किलो बोंबील आणि फुटाण्यांच्या एकवीस पुड्या जमल्या. आमच्या ह्यांनी पाचव्या दिवशी ताट सरकवून नुसता दहीभात मागितला. शेजारणीने मांजर पाळलंय का विचारलं. आणि हाती काय लागलं? तर कागद आम्ही मधोमध फाडलेले. डाव्या अर्ध्यात नावं आणि एक ते पंधरा तारखा. उजव्या अर्ध्यात नुसते सोळापासून पुढचे पी, पी, पी. पी म्हणजे प्रेझेंट. कोण प्रेझेंट, ते त्या बोंबलालाच ठाऊक. सगळा पसारा निवडून हिराबाईचे खात्रीचे दिवस भरले नऊ. तेही मिठाने खारलेले.

पगाराच्या पावत्या हेड ऑफिसला असतात, म्हणून तिकडे फोन लावला. कळलं की त्यांची निंदणी आमच्या आधीच झाली.

असे दिवस चालले होते आणि साहेब रोज विचारत होते, बाकीचं कधी काढताय? शेवटी दुसऱ्या टेम्पोचा दिवस उजाडला. त्या ढिगाऱ्यात साहेबांनी स्वतः निवडून एक गोष्ट टाकली होती. मांजर-दूध नोंदवही, खंड एक ते तीन.

आता मांजरीचं सांगते. फार वर्षांपूर्वी आमच्या रेकॉर्ड रूममध्ये उंदरांनी थैमान घातलं. तेव्हाच्या साहेबांनी हेड ऑफिसला लिहून एक मांजर मंजूर करून घेतलं. मंजूर म्हणजे रीतसर आदेशाने. "कार्यालयीन मांजर (मादी), संख्या एक, रोज पाव लिटर दूध." तेव्हापासून आमच्याकडे मांजर असे. माझ्या वेळेला होती ती ठमी. करडी, लठ्ठ, आणि ऑफिसात सगळ्यात उशिरा उठणारी.

सबनीस साहेबांना याची भयंकर लाज वाटे. ते म्हणत, "उद्या हेड ऑफिसचं कोणी आलं तर काय म्हणेल? हे ऑफिस आहे का गोठा?" त्यांनी रजिस्टरांवर लाल पेन्सिलीने मोठा ‘ड’ काढला होता.

टेम्पो भरत होता. मी शेवटचा गठ्ठा तपासायला बसले होते. मन कशात नव्हतं. उगाच चाळा म्हणून खंड एक उघडला, आणि वाचता वाचता इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला हसू फुटलं.

पहिल्या पानाच्या आधी एक ऑडिटचा शेरा चिकटवला होता. "दूध स्वीकारणाऱ्याची सही आढळत नाही." त्याखाली तेव्हाच्या साहेबांचा खुलासा. "स्वीकारणारी निरक्षर आहे." त्याखाली ऑडिट. "अंगठा घ्यावा." आणि पहिल्या पानावर, देवाशपथ सांगते, मांजरीच्या पंजाचा ठसा होता. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात शाई सांडल्याचा हातभर डाग आणि "शिपाई यास ओरखडे" असा शेरा. तिसऱ्या दिवसापासून मात्र माणसाचा अंगठा, आणि पुढे लिहिलेलं: मांजरीकरिता.

पुढे एके ठिकाणी, "मांजर व्यायली. पिल्ले चार. दूध वाढवून मिळावे." हेड ऑफिसचं उत्तर टाचलेलं. "वाढीव पदांस मंजुरी देता येत नाही. उपलब्ध मनुष्यबळात काम भागवावे."

अजून पुढे ऑडिट पुन्हा. "रविवारी व सुट्टीच्या दिवशी दूध दिल्याची नोंद नाही. सदर दिवशी मांजर काय करते, याचा खुलासा व्हावा." त्यानंतर रविवारही भरलेले. दिवाळीही. गणपतीही. दूध पाव लिटर, मांजरीकरिता, अंगठा. दूध पाव लिटर, मांजरीकरिता, अंगठा.

आणि माझं हसू थांबलं.

हा अंगठा कोणाचा?

मी खंड तीन ओढला. नऊ वर्षांपूर्वीचं पान काढलं. तारखेपुढे जांभळा अंगठा आणि कारकुनाच्या अक्षरात: "मांजरीकरिता, हिराबाई." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पानामागून पानं. आदल्या दिवसापर्यंत. ज्या दिवसांची हजेरी मी बाजारात सुकटीत शोधत होते, ते सगळेच्या सगळे दिवस माझ्या मांडीवर होते, वर रविवार फुकट.

तेवढ्यात युसुफभाईंचा हमाल गठ्ठा उचलायला आला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तिन्ही खंड जमिनीवर ठेवले आणि त्यांच्यावर बसले.

हमालाने साहेबांना बोलावलं. पुढचं तुम्ही सुरुवातीला वाचलंतच.

"दळवीबाई, तमाशा करू नका. ते ड वर्गात आहे."

"साहेब, छापील यादीत मांजर आहे का?"

"नाही."

"मग ड कशाच्या आधारावर?"

"माझ्या अधिकारात."

"ठीक आहे. तसं टिपण लिहून द्या. ‘यादीत नसलेल्या मांजरीच्या नोंदवहीबाबत मी निर्णय घेतला,’ खाली सही, सबनीस. पण साहेब, रेकॉर्ड नष्ट करायच्या निर्णयाचं टिपण अ वर्गात जातं बरं का. ते कायम राहतं. रजिस्टर जाईल. मांजर आणि तुमचं नाव तेवढं राहील."

 बाहेरून युसुफभाईंचा आवाज आला, "मॅडम, आपण बसायचंच ठरवलंय तर बाकीचं तरी उचलू का?"

मग मी उठले. साहेबांना पान उघडून अंगठे दाखवले. रागीट माणूस, पण वाईट नव्हे. बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "हे हेड ऑफिसला पाठवायचं म्हणजे मांजर कळणार."

"कळू दे, साहेब. आपलं हसं होईल, दोन दिवस. तिचं तसं नाही."

त्यांनी लाल ‘ड’ खोडला. प्रस्ताव मुदतीच्या दोन दिवस आधी गेला.

आठवड्याभरात हेड ऑफिसच्या आस्थापना शाखेतून पाठारे नावाचे अधिकारी आले. आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या बघणारी शाखा. चेहऱ्यावरून हा माणूस लहानपणीसुद्धा हसला नसावा. टेबलावर रजिस्टर, समोर हिराबाई उभी, बाजूला मी आणि साहेब.

"हा हजेरीपट नाही," पाठारे म्हणाले.

"नाही, सर," मी म्हटलं.

"मग पुरावा कसला?"

"रोज हजर असल्याचा."

"मांजर?"

"दोघीही."

त्यांनी चष्मा पुसला. कोऱ्या कागदावर हिराबाईचा अंगठा घेतला आणि भिंगातून तो रजिस्टरातल्या अंगठ्यांशी ताडून पाहू लागले.  मग एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"इथे लिहिलंय, ‘मांजर गैरहजर, दूध परत.’ तरी अंगठा आहे. मांजरच नव्हती, तर या बाई कशाला आल्या?"

साहेबांचा चेहरा पडला.  हिराबाई मात्र पुढे सरकली.

"साहेब, ती नाय आली, ये मी आल्याबिगर कसा कलनार?"

पाठारेंनी भिंग खाली ठेवलं. तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात ठमी आत आली आणि टेबलाखाली उभी राहून तिने गळा काढला. चार वाजले होते, तिची वेळ झाली होती. हिराबाई चौकशी, अधिकारी, नोकरी सगळं विसरून, "आले गो, आले," करत दुधाची वाटी आणायला गेली. पाठारे बघत राहिले. ती परत आल्यावर त्यांनी स्वतः पेन पुढे केलं आणि मला म्हणाले, "आजची नोंद करून घ्या." मग ते दिवे लागेपर्यंत दिवस मोजत बसले. पाच वर्षांत हिराबाईचे खाडे निघाले अकरा. पाठारे पुटपुटले की एवढी हजेरी त्यांची स्वतःचीही नाही.

दोन महिन्यांनी आदेश आला. "मांजर-दूध नोंदवहीतील नोंदी ग्राह्य धरून श्रीमती हिराबाई यांस कायम करण्यात येत आहे." मी तो तिला दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा वाचला तेव्हा तिने डोळे पुसले, दुसऱ्यांदा वाचला तेव्हा विचारलं, "ठमीचा नाव बी हाय ना त्याच्यात?" आदेशाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. सदर नोंदवही कर्मचाऱ्याच्या सेवेचा पुरावा असल्याने यापुढे अ वर्गात ठेवावी आणि नियमित भरावी. झालं. नव्या इमारतीत सबनीस साहेबांना मांजरीसाठी एक आख्खा कप्पा सोडावा लागला.

पहिल्याच शनिवारी हिराबाई माझ्या टेबलाशी आली. नवी जांभळी साडी, हातात झाडू तोच.

"बाय, उद्या रविवार."

"मग?"

"कायम मानसाला रविवारची सुट्टी आसते ना?"

"असते की."

"मग ठमीचा तुमी बगा." तिने मला निरखून पाहिलं. "भाताचा रोप कुनी उपटला व्हता?"

 मी ऑफिसपासून दहा मिनिटांवर राहत होते. त्या रविवारी गेले, आणि मग जातच राहिले. ठमीनंतर तिची लेक आली, तिलाही मीच. ऑडिटला सही हवी म्हणून सही केली.

नोकरीतून निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की माझं सर्व्हिस बुक, माझ्या रजा, माझी बढती, मला मिळालेलं एकुलतं एक प्रशस्तिपत्रक, सगळं मुदत संपली म्हणून निंदणीत गेलं. नियमाप्रमाणेच गेलं. मीच कित्येकांचं तसं काढलंय. कुठे सुकटीची पुडी झाली असेल.

मी त्या ऑफिसात नोकरी केली याचा कायमचा असा पुरावा आता एकच उरलाय. अ वर्ग, खंड तीन, दर रविवारी: मांजरीकरिता, दळवी.